बर्फातील आगगाडी

बर्फ मी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. तो पाहिला आपल्या ग्रंथालयातील एका पुस्तकात, क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘बर्फातील आगगाडी’ या चित्रात. १८७५ साली रंगविलेले हे चित्र पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात आहे.

१८७१ ते १८७८ या काळात मोने पॅरिसजवळ, सेन नदीकाठच्या आर्जांतय या गावी राहत होता. पॅरिसच्या सें-लाझार स्थानकावरून तेथे आगगाडी येई. १८७४-७५ च्या हिवाळ्यात त्याने या गावातील बर्फाची बरीच चित्रे काढली. निसर्गाचा भोक्ता चित्रकार रेल्वेकडे पाठ फिरवील, असे आपल्याला वाटते. मोने मात्र गाडीसमोरच जाऊन उभा राहिला. पुढे १८७७ मध्ये त्याने सें-लाझार स्थानकाचीच बारा चित्रे रंगविली.

या चित्रातील बर्फ पांढराशुभ्र नाही. तो तुडवून मळलेला, करडा-तपकिरी आहे. पलीकडे निष्पर्ण झाडांची रांग आहे. इंजिनाचा धूर कोठे संपतो आणि ढगाळ आभाळ कोठे सुरू होते, ते सांगता येत नाही. इम्प्रेशनिस्ट चित्रकार वस्तूची रेघ न् रेघ काढीत नसत. त्या वेळच्या हवेत, त्या वेळच्या उजेडात ती डोळ्यांना जशी भासे, तशी ते रंगवीत. मोनेच्या लेखी धूरही त्या हवेचाच भाग होता.

ते पुस्तक मी घरी नेले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजोबा तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. चित्र बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, “अगं, गारठा आहे म्हणून वाफ एवढी दाट दिसते. उन्हाळ्यात ती लगेच विरते. आणि दिवे लागलेत, म्हणजे आत कोणीतरी आग राखून बसलाय.”

इंजिनाचे ते दोन दिवे मला तोवर रंगाचे दोन ठिपकेच वाटत होते. आत माणूस असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

पुस्तक परत करण्याची तारीख उलटून गेली आहे. आजोबा म्हणतात, राहू दे अजून दोन दिवस. दंड मी भरणार आहे.