युरोपातील खरेदी आणि शहरप्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोपात फिरणाऱ्या पर्यटकाच्या व्यवहारांवर तीन वेगवेगळ्या व्यवस्थांचे नियम लागू होतात. कर आणि सीमाशुल्काच्या बाबी युरोपीय संघाच्या अखत्यारीत येतात. त्यात २७ देश आहेत. एकाच व्हिसावर फिरण्याची मुभा देणाऱ्या शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत. युरो हे चलन २१ देशांनी स्वीकारले असून त्यांतला सर्वांत नवा बल्गेरिया १ जानेवारी २०२६ रोजी सामील झाला. या तीन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही आणि तिथले चलनही युरो नाही. आयर्लंड संघात आहे, युरो वापरतो, पण शेंगेनबाहेर आहे. झेकिया, हंगेरी आणि पोलंड संघात आणि शेंगेनमध्ये असूनही आपापले चलन राखून आहेत. ब्रिटन तिन्हींच्या बाहेर आहे. शहरांतली बस, ट्राम आणि मेट्रो तर ज्या त्या शहराच्या नियमांनी चालतात. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे गृहीत धरल्यामुळे पुढील बहुतेक गैरसमज तयार होतात.

पैसे

गैरसमज : युरो सोबत असले की सगळीकडे भागते.
वस्तुस्थिती : स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, झेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लोटी आणि ब्रिटनमध्ये पौंड चालतो. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तिघांचे क्रोन-क्रोना वेगवेगळे आहेत. स्वित्झर्लंडमधील पर्यटनस्थळी अनेक दुकानदार युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुटे फ्रँकमध्ये मिळतात. प्रागच्या जुन्या भागात चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर ‘कमिशन नाही’ असे फलक असत, पण खरा फटका वाईट दरातून बसे. अशा तक्रारी वाढल्यानंतर झेकियाने २०१९ मध्ये कायदा बदलला. त्यानुसार १००० युरोपर्यंतचा चलनबदल तीन तासांच्या आत विनाशुल्क रद्द करून पैसे परत घेता येतात. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते.

गैरसमज : कार्डाच्या मशीनवर रुपयांचा पर्याय आला तर तोच निवडणे फायद्याचे.
वस्तुस्थिती : रुपयांत दाखवलेला दर मशीन पुरवणारी कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. स्थानिक चलनाचा पर्याय सहसा स्वस्त पडतो. युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डावर रुपये निवडले तर नुकसान दुहेरी होते, कारण युरोंचे रुपये आणि त्या रुपयांचे पुन्हा युरो अशी दोनदा उलाढाल होते. एटीएमवरही हाच प्रश्न विचारला जातो.

यूपीआयबद्दलही अपेक्षा फार वाढलेल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ही सोय सुरू झाली आणि नंतर पॅरिसमधल्या काही दुकानांत पोचली. तरी कोपऱ्यावरच्या बेकरीत ती मिळेल असे धरून चालता येत नाही. रोख रकमेचे प्रमाणही सगळीकडे सारखे नाही. जर्मनीत लहान दुकाने आणि खानावळी अजून रोख मागतात, तर लंडनच्या बसने २०१४ पासून रोख भाडे घेणे बंद केले आहे.

दुकान आणि बाजार

गैरसमज : लेबलवरच्या किमतीवर कर वेगळा लागतो, घासाघीस केली तर तो वाचतो.
वस्तुस्थिती : दुकानातल्या लेबलवर मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट धरलेलीच किंमत असते. दुकानांत घासाघीस चालत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र ती चालते. इटली आणि स्पेनच्या अनेक सुपरमार्केटांत फळे-भाज्या हाताने चाचपायच्या नसतात. तिथे ठेवलेले प्लास्टिकचे हातमोजे घालून माल निवडायचा, काट्यावर ठेवून त्याचा क्रमांक दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीला चिकटवायची अशी पद्धत असते. चिठ्ठी नसली तर गल्ल्यावरून परत जावे लागते. पदपथावर चादर पसरून नामांकित कंपन्यांच्या बनावट पिशव्या विकल्या जातात. इटलीत असा माल घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होतो आणि ती रक्कम पिशवीच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

गैरसमज : रविवार मोकळा ठेवला की निवांत खरेदी करता येते.
वस्तुस्थिती : जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात. किराणा हवा असेल तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळांवरची दुकाने उघडी मिळतात. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेतले सलग सहा तासच विक्री करता येते. फ्रान्समध्ये २०१५ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय पर्यटन क्षेत्रे ठरवून दिली. त्यामुळे पॅरिसमध्ये शाँझेलिझे आणि बुलेव्हार ओस्मान इथली दुकाने रविवारीही उघडी असतात. स्पेन आणि इटलीतली लहान दुकाने आठवड्याच्या दिवशीही दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात.

गैरसमज : युरोपात घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क असतो.
वस्तुस्थिती : १४ दिवसांचा हा हक्क ऑनलाइन किंवा दूरस्थ खरेदीसाठी आहे. दुकानात प्रत्यक्ष पाहून घेतलेली निर्दोष वस्तू परत घ्यायची की नाही, हे दुकानदाराच्या धोरणावर अवलंबून असते. अनेक मोठी दुकाने पावती दाखवल्यास ती घेतात. सदोष मालाचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी युरोपीय संघात किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. आठवड्याभराने भारतात परतणाऱ्याला तिचा उपयोग करून घेणे अवघड जाते, म्हणून उपकरण तिथे असतानाच चालवून पाहिलेले बरे.

व्हॅटचा परतावा

गैरसमज : फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के आहे, म्हणजे बिलाच्या २० टक्के परत मिळतात.
वस्तुस्थिती : कर मूळ किमतीवर आकारलेला असतो. १२० युरोंच्या बिलात १०० युरो वस्तूचे आणि २० युरो कराचे असतात. म्हणजे बिलाच्या तुलनेत कराचा वाटा १६.६७ टक्केच भरतो. त्यातून परताव्याची प्रक्रिया करणारी कंपनी आपले शुल्क कापते. फ्रान्समध्ये हाती पडणारी रक्कम बहुतेक वेळा बिलाच्या १२ टक्क्यांच्या आसपास असते आणि विमानतळावर रोख घेतली तर आणखी कमी होते.

किमान खरेदीची अट देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये १०० युरोंहून अधिक, इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंहून अधिक आणि जर्मनीत ५० युरोंहून अधिक खरेदी लागते. स्पेनने २०१८ मध्ये किमान मर्यादाच काढून टाकली. परतावा सोबत नेण्याच्या वस्तूंवर मिळतो. हॉटेल, जेवण आणि प्रवास यांच्या बिलांवर मिळत नाही. ग्रेट ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांसाठीची ही योजना बंद केली. लंडनच्या दुकानातून हातोहात नेलेल्या कपड्यांवर आता काहीच परत मिळत नाही.

गैरसमज : परताव्याचा शिक्का घरी परतताना कोणत्याही विमानतळावर घेता येतो.
वस्तुस्थिती : शिक्का युरोपीय संघाच्या हद्दीतून बाहेर पडताना, शेवटच्या सदस्य देशातल्या कस्टम्सकडून घ्यावा लागतो. वस्तू खरेदीच्या महिन्यानंतरच्या तीन महिन्यांत संघाबाहेर गेली पाहिजे, अशीही अट आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अनेक सहली पॅरिस पाहून स्वित्झर्लंडला जातात. परतीचे विमान झुरिकहून असेल तर इथेच घोटाळा होतो. स्वित्झर्लंड संघाबाहेर असल्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेल्या वस्तूंचा शिक्का फ्रान्स सोडतानाच घ्यावा लागतो. झुरिक विमानतळावरचे कस्टम्स स्विस खरेदीचे कागद तपासतात, फ्रेंच खरेदीचे नाही.

विमानतळावर वस्तू दाखवायला सांगितले जाऊ शकते, म्हणून हे काम बॅग चेक-इन करण्यापूर्वी उरकावे लागते. फ्रान्समधील विमानतळांवर ‘पाब्लो’ नावाची यंत्रे असून अर्जावरचा बारकोड त्यांच्यासमोर धरला की नोंद होते. दुकानात खरेदी करताना पासपोर्ट दाखवून अर्ज करून घेतलेला नसेल, तर नुसत्या पावतीवर विमानतळावर काही होत नाही.

गैरसमज : भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला परतावा मिळतो.
वस्तुस्थिती : निकष वास्तव्याचा आहे, नागरिकत्वाचा नाही. जर्मनीत शिकणारे किंवा नोकरी करणारे मराठी तरुण तिथल्या निवास परवान्यावर राहतात. ते संघाचे रहिवासी ठरत असल्याने त्यांना परतावा मिळत नाही. त्यांना भेटायला पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मात्र तो मिळतो, पण अर्ज आई-वडिलांच्या नावावर हवा आणि वस्तूही त्यांच्याच सामानातून गेली पाहिजे. या परताव्याचा भारतीय सीमाशुल्काशी संबंध नाही. भारतातल्या करमुक्त सामानाच्या मर्यादेपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आणल्या तर इथले शुल्क भरावेच लागते.

शहरातला प्रवास

गैरसमज : स्थानकाला फाटक नाही, म्हणजे तिकिटाची सक्ती नाही.
वस्तुस्थिती : बर्लिन, म्युनिक, व्हिएन्ना आणि प्राग इथल्या मेट्रो स्थानकांना फाटके नाहीत. प्रवासी तिकीट काढूनच चढेल, हे तिथे गृहीत धरलेले असते आणि साध्या कपड्यांतले तपासनीस अचानक डब्यात येतात. बर्लिनमध्ये विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे. पर्यटक अडकतात ते तिकीट असूनही. कागदी तिकिटावर प्रवासापूर्वी फलाटाजवळच्या किंवा ट्राममधल्या छोट्या यंत्रात वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट वापरात आलेले धरले जात नाही, त्यामुळे तोच दंड होतो. इटलीत प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटांनाही हाच नियम आहे. पॅरिसमध्ये फाटके आहेत, पण आत शिरल्यावर तिकीट फेकून चालत नाही. तपासणी बाहेर पडेपर्यंत कुठेही होते.

कार्ड टेकवून प्रवास करायच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना कार्ड टेकवावे लागते. उतरताना विसरले तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. तिथल्या बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचे असते. ॲम्स्टरडॅमच्या ट्राममध्ये आणि बसमध्ये उतरतानाही टेकवावे लागते. लंडनमध्ये दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण ती एकाच साधनावर मोजली जाते. सकाळी प्लास्टिकचे कार्ड आणि दुपारी तेच कार्ड घातलेला फोन वापरला, तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते.

गैरसमज : पास नेहमीच स्वस्त पडतो.
वस्तुस्थिती : पॅरिसचा आठवड्याचा ‘नाविगो’ पास सोमवार ते रविवार चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. गुरुवारी पोचलेल्याला त्यातले चारच दिवस मिळतात. जिनिव्हा आणि बाझेल इथे हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्यांना शहरातल्या वाहतुकीचे कार्ड विनामूल्य मिळते. तिथे वेगळा पास घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभरची सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत आहे, अपवाद रेल्वेच्या प्रथम वर्गाचा. एस्टोनियाच्या टालिन शहरातली मोफत सोय मात्र तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांसाठी आहे, पर्यटकांसाठी नाही.

शहराकडून शहराकडे

गैरसमज : रेल्वे पास काढला की कोणत्याही गाडीत बसता येते.
वस्तुस्थिती : युरेल पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या एव्हीई आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत आरक्षण सक्तीचे असते आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. शहरातली मेट्रो या पासात येत नाही. दोन-तीनच प्रवास करायचे असतील तर लवकर काढलेली सुटी तिकिटे बऱ्याचदा स्वस्त पडतात. स्विस ट्रॅव्हल पासात गाड्या, बस, बोटी आणि शहरांतली वाहतूक येते. तरी ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला तो पूर्ण पुरत नाही. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढे सवलतीचे तिकीट काढावे लागते.

गैरसमज : शहराचे नाव जुळले की स्थानक किंवा विमानतळही जुळले.
वस्तुस्थिती : पॅरिसमध्ये लंडनची गाडी गार द्यू नोरहून, झुरिकची गार द ल्योंहून आणि स्ट्रासबुर्गची गार द लेस्टहून सुटते. स्वस्त विमान कंपन्या ‘पॅरिस’ म्हणून विकतात तो बोव्हेचा विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे आणि ‘फ्रँकफर्ट-हान’ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. बसचे भाडे आणि वेळ धरल्यावर स्वस्त तिकीट स्वस्त राहतेच असे नाही.

गैरसमज : भाड्याची गाडी घेतली की शहर पाहणे सोपे होते.
वस्तुस्थिती : रोम आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागांत परवान्याशिवाय गाडी नेण्यास बंदी आहे. प्रवेशावर कॅमेरे असतात, म्हणून कोणी अडवत नाही. दंड काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत येतो आणि माहिती पुरवल्याचे शुल्क ती कंपनी वेगळे कापते. इटलीत भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर पथकराचे स्टिकर किंवा त्याची डिजिटल नोंद असावी लागते.

गैरसमज : शेंगेनच्या आत पासपोर्ट लागत नाही आणि त्याच व्हिसावर लंडनही होते.
वस्तुस्थिती : सदस्य देशांना अंतर्गत सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू करता येते, जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून ती सर्व भूसीमांवर लागू केली. म्हणून गाडीने सीमा ओलांडतानाही पासपोर्ट जवळ हवा. ब्रिटनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला परतायचे असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा लंडनला निघताच संपतो.