अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा : फाइल जाडजूड असूनही नकार का येतो?

मुंबईत बीकेसीमधल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाबाहेर सकाळपासून रांग असते. स्टुडंट व्हिसाच्या सीझनमध्ये रांगेतल्या पोरापोरींच्या हातात एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे गच्च भरलेली फाइल. दहावीपासूनच्या मार्कशीट, बाबांचे आयटी रिटर्न, कर्जमंजुरीचं पत्र, घराचं व्हॅल्युएशन, एखाद्या फाइलमध्ये सातबारासुद्धा.

खिडकीवरची मुलाखत मात्र बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत आटोपते. अनेकदा अधिकारी फाइल उघडायलाही सांगत नाही. चार प्रश्न होतात आणि निकाल लागतो. नकार आला तर हातात एक छापील पत्र पडतं. त्यावर बहुतेक वेळा एकच कलम असतं : २१४(बी).

नऊ पॉइंटर असलेल्याला नकार आणि साडेसहावाल्या मित्राला व्हिसा, असं झालं की ‘सगळा नशिबाचा खेळ’ वाटायला लागतो. पण हे कलम समजून घेतलं, की त्या दोन मिनिटांत नेमकं काय तपासतात ते लक्षात येतं.

२१४(बी) काय सांगतं?

हे कलम अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अॅक्टमधलं आहे. तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांबद्दल हा कायदा एक गोष्ट आधीच गृहीत धरतो : हा माणूस अमेरिकेत कायमचं राहायला येतोय. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

म्हणजे शिक्षणासाठीच्या एफ-१ व्हिसाला तीन गोष्टी पटवाव्या लागतात. आपण खरंच शिकायला चाललोय. शिक्षणाचा खर्च झेपणार आहे. आणि शिक्षण संपल्यावर परत येण्याचा इरादा आहे. मार्क यातल्या फक्त पहिल्या गोष्टीला मदत करतात, तीही थोडीशीच.

मुलाखतीपर्यंतचा प्रवास कसा असतो?

विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ ‘आय-२०’ नावाचा फॉर्म देतं. त्यावर कोर्स, तो सुरू होण्याची तारीख, पहिल्या वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो पैसा कुठून येणार, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यानंतर ३५० डॉलर सेव्हिस फी भरायची, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि व्हिसाची १८५ डॉलर फी भरून अपॉइंटमेंट घ्यायची. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुलाखत.

कोर्स सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो. पण अमेरिकेत पाऊल ठेवता येतं ते जास्तीत जास्त ३० दिवस आधी.

खिडकीवर काय पाहतात?

डीएस-१६० मधली माहिती अधिकाऱ्यासमोर स्क्रीनवर असते. विद्यार्थी जे बोलतो ते तिच्याशी जुळतं का, हे तो पाहतो.

समजा, मेकॅनिकलचा इंजिनीअर डेटा सायन्सला चाललाय. ‘हाच कोर्स का?’ या प्रश्नावर ‘युनिव्हर्सिटीचं रँकिंग चांगलं आहे, फॅकल्टी वर्ल्ड क्लास आहे’ हे उत्तर अधिकाऱ्याने त्याच सकाळी कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. याउलट ‘दोन वर्षं कारखान्यात मशीनच्या बिघाडाचा डेटा हाताळला, त्यातलं पुढचं शिकायचंय, या कोर्समध्ये त्याचे दोन विषय आहेत’ हे उत्तर त्या एकाच मुलाचं असू शकतं.

पैशांचंही तसंच. खात्यात किती आहेत, यापेक्षा ते कुठून आले हे महत्त्वाचं. वर्षाला सहा लाख कमावणाऱ्या घराच्या खात्यात मुलाखतीआधी अचानक चाळीस लाख दिसले, तर शंका येणारच. त्यापेक्षा बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र आणि ‘बाबांचं किराणा दुकान आहे, बाकीचा खर्च त्यातून’ हे सरळ उत्तर जास्त पटतं. ‘तिथे पार्टटाइम करून फी भरेन’ हे उत्तर मात्र अंगाशी येऊ शकतं. एफ-१ वर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर सहसा काम करता येत नाही आणि सत्र चालू असताना कॅम्पसवरही आठवड्याला २० तासांचीच मर्यादा आहे.

इन्स्टाग्रामचा काय संबंध?

गेल्या पाच वर्षांत वापरलेले सोशल मीडिया हँडल डीएस-१६० मध्ये २०१९ पासून विचारले जातात. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थ्यांना नव्या अपॉइंटमेंट देणं काही आठवडे थांबवलं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू करताना, विद्यार्थ्यांनी आपली प्रोफाइल ‘पब्लिक’ ठेवावीत, अशी सूचना आली. जुनं अकाउंट लपवणं किंवा फॉर्ममध्ये न लिहिणं हेसुद्धा नकाराचं कारण ठरू शकतं.

एजंटच्या भरवशावर राहिलं तर?

फॉर्म एजंटने भरला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते. खोटं अनुभवपत्र किंवा बनावट बँक स्टेटमेंट पकडलं गेलं, तर प्रकरण २१४(बी)वर थांबत नाही. फसवणुकीचं वेगळं कलम लागतं आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या. त्यामुळे ‘लवकरची तारीख मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

नकार आलाच तर?

२१४(बी)च्या नकारावर अपील करता येत नाही, पण हा नकार कायमचाही नसतो. पुन्हा अर्ज करायला ठराविक काळ थांबण्याची अट नाही. व्हिसा फी मात्र परत भरावी लागते. सेव्हिस फी बारा महिन्यांत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा चालते. पुढच्या अर्जात ‘आधी नकार मिळालाय का?’ या प्रश्नाला खरं उत्तर देणं बंधनकारक आहे.

तीच उत्तरं घेऊन पंधरा दिवसांत पुन्हा रांगेत उभं राहिलं, तर निकालही बहुतेक तोच लागतो. काय बदललं, हे सांगता आलं पाहिजे. वेळ कमी असेल तर अनेक विद्यापीठं प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून नवा आय-२० देतात. त्यासाठी आधी विचारावं लागतं.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकलं. या आकड्याकडे बघून अनेक घरांत व्हिसा मिळणारच असं धरून चालतात. कुणी आधीच नोकरीचा राजीनामा देतं, कुणी घर तारण ठेवून कर्जाची रक्कमही उचलतं. कर्ज मंजूर करून ठेवणं वेगळं आणि पैसे उचलणं वेगळं. पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत राजीनामा आणि विमानाचं तिकीट, दोन्ही थांबू शकतात.