लहान चण आणि जुळें



कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, औषधोपचार करून, एखाद्या स्त्रीला दिवस राहतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर एका ठोक्याऐवजीं दोन ठोके दिसतात. घरांत आनंदीआनंद होतो. पण ती स्त्री अंगानें लहान असेल, उंची 4 फूट 10 इंच आणि वजन जेमतेम 45 किलो असेल, तर त्या आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो. सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सर्व जणी म्हणूं लागतात, "हिला दोन पेलतील का?" या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम हीं जुळीं येतात कशीं, तें पाहूं. निसर्गतः सुमारें 80 ते 90 बाळंतपणांत एकदां जुळें होतें. स्त्रीबीज पक्व व्हावें म्हणून दिलेल्या गोळ्यांनीं किंवा इंजेक्शनांनीं एकाच महिन्यांत दोन-तीन बीजें पक्व होऊं शकतात, आणि जुळ्याचा संभव वाढतो. दुसरा मार्ग शरीराबाहेर गर्भधारणा करण्याचा. या मार्गानें जगांतील पहिली मुलगी 1978 सालीं इंग्लंडांत जन्मली. मुंबईंत के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांचे सहकारी यांना 6 ऑगस्ट 1986 रोजीं असेंच यश आलें. त्या काळीं यशाची शाश्वती थोडी, म्हणून एका वेळीं अनेक गर्भ गर्भाशयांत सोडीत. त्यांतून जुळीं व तिळीं होत. पुढें तंत्र सुधारलें, आणि स्वीडन व बेल्जम या देशांनीं 2003 सालापासून बहुतेक स्त्रियांना एका वेळीं एकच गर्भ द्यावा असें धोरण ठेविलें. तेथें जुळ्यांचें प्रमाण बरेंच उतरलें.

आपल्याकडे पुष्कळ जोडप्यांना वाटतें कीं, दोन गर्भ ठेवले तर एका खर्चांत संसार पुरा होईल. वय वाढत चाललेलें आणि पैसा आटत चाललेला असतां असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु अपुऱ्या दिवसांचीं दोन मुलें कांचेच्या पेटींत आठवडेच्या आठवडे ठेवावीं लागलीं, म्हणजे तो हिशेब पार उलटतो. म्हणून लहान चणीच्या स्त्रीनें "मला एकच गर्भ पुरे होईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना उपचारापूर्वींच विचारावा. एकच गर्भ ठेविला तरी तो दुभंगून क्वचित् जुळें होतें, हेंही ध्यानांत असावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे, आणि गर्भाच्या वाढीबरोबर तो वाढतो. उंची कमी म्हणून तो दोन जीव धरूं शकत नाहीं, असें मुळींच नाहीं. मात्र ठेंगण्या स्त्रीच्या बरगड्या व कंबर यांतील अंतर थोडें असतें. आठव्या महिन्याच्या सुमारास जुळ्याचें पोट एकट्या मुलाच्या पूर्ण दिवसांच्या पोटाएवढें होतें. वर जागा नसल्यामुळें तें पुढें येतें. पाठ दुखते, छातींत जळजळतें, जिना चढतांना दम लागतो. थोडें थोडें पण वारंवार खाणें आणि कुशीवर निजणें, यांनीं आराम पडतो.

खरी काळजी आहे ती दिवसांची. जुळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक 37 आठवड्यांच्या आंत जन्मतात. उंचीनें कमी असलेल्या स्त्रियांचें बाळंतपणही सरासरीनें थोडें लौकर होतें. म्हणून "हिला पेलतील का?" यापेक्षां "आणखी किती आठवडे मिळवितां येतील?" असें विचारणें अधिक योग्य.

या कामीं उंचीपेक्षांही महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे वार. दोन्ही बाळांना स्वतंत्र वार असली तर धोका कमी. एकाच वारेवर दोघें पोसलीं जात असलीं, तर एकाचें रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहून दोघांच्याही जिवाला अपाय होऊं शकतो. हा भेद 14 आठवड्यांच्या आंतील सोनोग्राफींत सर्वांत स्पष्ट कळतो. वार एकच असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनीं तपासणी करावी लागते. दोन असल्यास सामान्यतः दर चार आठवड्यांनीं.

आहाराविषयीं गैरसमज फार आहेत. लहान चण म्हणजे अशक्तपणा नव्हे. पण मूळचेंच वजन उंचीच्या मानानें कमी असेल, तर तें भरून काढणें अगत्याचें आहे. सन 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणींत भारतांतील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांचें रक्त कमी आढळलें. आणि येथें तर दोघांना रक्त पुरवावयाचें असतें. डाळी, उसळी, दूध, अंडीं, मासळी, हिरव्या भाज्या व नाचणी हीं रोजच्या ताटांत असावींत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊं नये. चहानें लोह अंगीं लागत नाहीं. अमेरिकेंत 2009 सालीं, उंचीच्या मानानें वजन योग्य असलेल्या स्त्रीनें जुळ्याच्या वेळीं सुमारें 17 ते 25 किलो वाढावें, असें ठरविण्यांत आलें. कृश स्त्रियांसाठीं त्यांत पक्का आंकडा दिला नव्हता; म्हणून प्रत्येकीचा आंकडा तिच्या डॉक्टरांनींच सांगावा.

"हालूं नकोस, पडून राहा," हा घरोघरचा उपदेश. जुळें असलें तरी अंथरुणाला खिळून राहिल्यानें दिवस वाढतात असें आढळलेलें नाहीं. उलट पायांच्या शिरांत रक्ताची गांठ होण्याचें भय वाढतें. थकवा आला कीं विसावा घ्यावा. पण डॉक्टरांनीं मनाई केली नसेल तर हिंडावें-फिरावें. रक्तदाब मात्र वेळोवेळीं पाहावा. जुळ्यांत तो वाढण्याचा संभव अधिक, म्हणून कांहीं स्त्रियांना डॉक्टर अस्पिरिनची लहान मात्रा देतात. ती आपल्या मनानें घेऊं नये.

पुढील लक्षणें दिसतांच, रात्र असो वा दिवस, रुग्णालय गांठावें: ठराविक वेळानें पोट कडक होणें, पाणी किंवा रक्त जाणें, डोकें जोरानें दुखून डोळ्यांपुढें चकाकणें, बरगडीखालीं दुखणें, तळहात-तळपायांस अतिशय खाज सुटणें, एकाच पायास सूज येणें, एकाएकीं धाप लागणें, बाळांची हालचाल मंदावणें. "सकाळपर्यंत पाहूं," असें कोणी म्हणूं नये.

रुग्णालय निवडतांना तेथें अपुऱ्या दिवसांच्या बालकांची सोय आहे कीं नाहीं, हें सहाव्या महिन्यापूर्वींच पाहावें. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनीं 1972 सालीं दाखवून दिलें कीं, अकालीं बाळंतपण होणार असें दिसतांच आईला इंजेक्शन दिल्यास बाळाचीं फुप्फुसें लौकर तयार होतात. वेळेवर पोंचलेल्या आईलाच त्याचा लाभ होतो. शस्त्रक्रिया प्रत्येकीला लागतेच असेंही नाहीं. पुढच्या बाळाचें डोकें खालीं असेल आणि इतर अडचण नसेल, तर आधींपासून शस्त्रक्रिया ठरविल्यानें बाळांचें अधिक कल्याण होत नाहीं, असें 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत दिसून आलें.

घरांतील वडील मंडळींना शेवटीं एक विनंति. तिच्या पोटाकडे पाहून दररोज नवा उद्गार काढूं नये; उपचार घेतल्याचीही कुजबूज करूं नये. बाळंतपणाची तयारी सातव्या महिन्यांतच पुरी करावी, रात्रीं-अपरात्रीं वाहन कोण आणील तें ठरवून ठेवावें, आणि तपासणीच्या प्रत्येक दिवशीं कोणी तरी तिच्याबरोबर जावें. तिला पेलवेल कीं नाहीं, याचें अर्धें उत्तर घरच्या माणसांच्याच हातीं आहे.