पावतीपुस्तक आणि पासपोर्ट

कोडोलीला परदेशी माणूस नवा नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हे जुनं ठाणं. त्यांचं ख्रिश्चन हॉस्पिटल पंचक्रोशीत ठाऊक आहे. पण त्या डॉक्टरांमागे भलंमोठं मिशन होतं. नुकतीच पदवी घेतलेली इंग्लंडची पोरगी एकटीच येऊन ऊसतोडीच्या पोरांसाठी वर्ग काढू म्हणते, तेव्हा तिच्यामागे कोणी नसतं. अशाच एका पोरीनं काढलेल्या संस्थेचं पावतीपुस्तक माझ्याकडे असतं.

वर्गाचं काम निदान डोळ्यांना दिसतं. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको पहाटेच फडात जातात, आणि थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात येते. तिच्या हाती पाटी द्यायची तर बाळ कुणीतरी घ्यायला हवं. ते आमच्या शिक्षिकेच्या मांडीवर जातं. टोळीनं फड बदलला की हजेरी निम्मी. कारखान्याचा पट्टा पडला की वर्गच उठतो.

खरी दमछाक पैशात होते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी झाली, विश्वस्त गावातलेच. इंग्लंडच्या पोरीच्या मैत्रिणींनी तिकडे दहा-दहा पौंड जमवले, पण ते घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तेवढ्या काळात कामावर किमान 15 लाख खर्च झालेले हवेत. आता एवढे आमच्याकडे असते तर पौंडांची वाट कशाला पाहिली असती? नोंदणी मिळालीच, तर 2020 च्या दुरुस्तीनुसार पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरणार, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवायचा. शिक्षिकेचं मानधन त्यात धरत नाहीत, हिशेबनिसाचं धरतात.

"मग तुमच्याच खात्यावर टाकू?" तिनं विचारलं. नको बाई, म्हटलं.

गावचे दोन चुलतभाऊ इंग्लंडात असतात. एकाचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे त्यानं बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. दुसऱ्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्याला नाही म्हणावं लागलं. फोनवर तडकलाच, "मी काय परका झालो व्हय?" कायद्यापुढे झालाच होता, पण हे त्याला सांगणार कोण?

चार दिवसांनी त्याची आई आली. दुधाच्या बिलातले पाचशे टेबलावर ठेवून म्हणाली, "पावती माझ्या नावानं फाड."