चेनसॉची चेन: घेताना आणि धार लावताना

एप्रिल लागला की कर्जत-खालापुरात पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी सुरू होते. राबासाठी फांद्या तोडायला कोयता पुरतो; वठलेल्या आंब्याचं खोड कापायला चेनसॉच हवा. झाड उभं असेल तर आधी परवानगी घ्यावी. आंबा, फणस, ऐन, जांभूळ ही झाडं आपल्या आवारात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात.

दुकानात ‘अठरा इंची चेन द्या’ म्हणून भागत नाही. तीन आकडे लागतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं निम्मं. गेज म्हणजे पात्याच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. तिसरा आकडा अशा कड्यांच्या संख्येचा. हे आकडे बहुधा पात्यावर इंजिनाच्या बाजूला कोरलेले असतात. पुसले असतील तर जुनी चेनच सोबत न्यावी. फसगत होते ती गेजमध्ये: कडी बारीक असली तर चेन खाचेत डुलते आणि उतरते.

धार गेली हे भुशावरून कळतं. चांगली चेन कपच्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. खोड जमिनीवर ठेवून कापलं आणि चेन क्षणभर मातीला टेकली, तरी धार गेलीच. खाली दोन आडवे ओंडके घालावेत.

धार लावताना इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे. ओंडक्यात उभी चीर पाडून तीत पातं रोवलं की ते हलत नाही.

गोल कानस पिचप्रमाणे घ्यावी: 0.325 इंचाला 4.8 मिमी. दाताच्या माथ्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, बहुधा 30 अंशांची; कानस तिला समांतर धरावी. आतून बाहेर ढकलावी, परत आणताना उचलावी. मागेपुढे घासणारे कानसही घालवतात आणि दातही. सगळ्यांत आखूड दात आधी घासून बाकीचे त्याच्याएवढे करावेत. एका बाजूचे दात लांब राहिले, तर काप सरळ न जाता वाकडा जातो.

दातापुढचा उंचवटा दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवतो. तो दाताच्या माथ्याहून साधारण 0.65 मिमी खाली हवा. तीन-चार वेळा धार लावल्यावर तो मापपट्टीने तपासून चपट्या कानशीने उतरवावा, पण अंदाजाने नाही. फार उतरला तर मशीन हिसके देतं आणि पातं अंगावर उसळू शकतं.

नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल पडते. ती गार झाल्यावरच ताणावी. गरम असताना ताणली तर थंड होताना आकसून पात्यावर आवळते.