नोटिशीतली चूक खपते, घाई खपत नाही

१९२१ साली मालेगावात दंगल झाली. नुकसानीची भरपाई रहिवाशांकडूनच वसूल करायचे मुंबई सरकारने ठरवले. त्याविरुद्ध भागचंद दगडूसा कोर्टात गेले. सरकारला रीतसर नोटीस दिलेली होती, पण कायद्यातले दोन महिने सरण्याआधीच दावा दाखल झाला. वसुली डोक्यावर असताना थांबणार कोण? प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. १९२७ मध्ये निकाल आला: कलम ८० ला अपवाद नाही, मनाई हुकूम मागणाऱ्यालासुद्धा.

हे कलम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतले. राज्य सरकारवर दावा लावायचा, तर आधी शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी नोटीस द्यायची. तिच्यात वादीचे नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी हवी. मग दोन महिने थांबायचे. तेवढ्यात सरकारने कागद तपासावेत, चूक असेल तर सुधारावी, हा हेतू. प्रत्यक्षात नोटिशीतल्या बारीकसारीक दोषांवर बोट ठेवून दावे उडवण्याची सोय झाली. विधी आयोगाने हे कलमच काढून टाका, असे सुचवले.

संसदेने कलम ठेवले, पण १९७६ च्या दुरुस्तीने त्याची धार बोथट केली. उद्या सकाळी बुलडोझर येणार असेल, तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. मात्र सरकारला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय मनाई मिळत नाही. कोर्टाला निकड पटली नाही, तर वादपत्र परत मिळते. नोटीस देऊन, मुदत पाळून ते पुन्हा दाखल करायचे. दुसरी सवलत नोटिशीतल्या दोषांना आहे. वादी कोण हे ओळखू येत असेल, नोटीस योग्य कार्यालयात पोचली असेल आणि तक्रार व मागणी ढोबळमानाने कळत असेल, तर केवळ दोषापायी दावा फेटाळता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे १९८४ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. घनश्याम दास प्रकरणात नोटीस वडिलांनी दिली, ते वारले आणि दावा मुलांनी लावला. न्यायालयाने तीच नोटीस पुरेशी मानली. बिहारी चौधरी प्रकरणात मात्र दोन महिने पुरे होण्याआधी दावा लावलेला होता, तो टिकला नाही. म्हणजे मजकुरातली चूक पोटात घालतात, दिवसांची नाही.

प्रतिवादीच्या नावातही गफलत होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० प्रमाणे दावा राज्याच्या नावावर लागतो, पण पुष्कळ वादपत्रांत नुसतेच ‘जिल्हाधिकारी’ असते. नाव लिहिण्यातली चूक असेल, तर दुरुस्ती अर्ज देऊन ती सुधारता येते. राज्याला पक्षकारच केलेले नसेल, तर दावा अडचणीत येतो.

थांबण्यात मुदत बुडेल, ही भीती नको. मुदत कायद्याच्या कलम १५ नुसार नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात.

राहिले सरकारचे कर्तव्य. नोटिशींना बहुधा उत्तरच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात नोंदवले आणि उत्तरांसाठी जबाबदार अधिकारी नेमायला सांगितले. नागरिकाने दोन महिने थांबायचे ते या उत्तरासाठीच. ते येवो न येवो, स्थळप्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. दिवस तिथूनच मोजायचे आहेत.