खाजण

खाजण : खाडीच्या वा समुद्राच्या काठचा, भरतीत बुडणारा व ओहोटीत उघडा पडणारा सपाट, चिखलट प्रदेश. कोकण व गोवा येथे बांध घालून लागवडीखाली आणलेल्या अशा जमिनीसही खाजणच म्हणतात.

खाडीच्या मुखाशी नदीने व समुद्राने आणलेला गाळ एकत्र येतो. त्यातील मृत्तिकेचे कण ०·००२ मिमी.हूनही बारीक असतात. असा सुटा कण निश्चल पाण्यात १ मी. खाली बसण्यास तीन-चार दिवस लागतील. दोन भरत्यांमध्ये मात्र सु. साडेबारा तासांचेच अंतर असते. तरीही गाळ साचतो, याचे मुख्य कारण पाण्याचा खारेपणा होय. गोड्या पाण्यात विद्युत् भारामुळे कण परस्परांस दूर सारतात. क्षारांमुळे हे प्रतिसारण दुर्बल होऊन कणांचे पुंजके बनतात व ते लवकर तळाशी जातात. शिवाय बसलेला कण उखडण्यास तो वाहून नेण्यापेक्षा अधिक वेग लागत असल्याने ओहोटीबरोबर सर्व गाळ परत जात नाही. पृष्ठावरील डायाटम (करंडक वनस्पती) चिकट द्रव्य स्रवून तो बांधून ठेवतात.

वनस्पती जमीन निर्माण करतात, हे विधान सरसकट खरे नाही. रोप रुजण्यास पाणी व लाटा यांपासून काही दिवस उसंत लागते. त्यामुळे गाळ पुरेसा उंच झाल्यावरच बहुधा तिवर, कांदळ यांसारखी झाडे तेथे येतात. त्यानंतर मात्र तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे व कांदळाची आधारमुळे प्रवाह मंदावतात आणि साचण्याची गती वाढते. जमीन उंचावली की तिच्यावर केवळ उधाणाचेच पाणी चढते व गाळाचा पुरवठा आपोआप घटतो. उरलेले पाणी फाटे फुटलेल्या ओहोळांतून ये-जा करते.

बांधामुळे हा क्रम खुंटतो. गोव्यातील खाजणांत ‘मानस’ नावाच्या दारांतून पाण्याचे नियमन करून पावसाळ्यात कोरगुट हे क्षारसहिष्णु भात घेतात. बांधाआड नवा गाळ फारसा येत नाही आणि वाळलेली माती आक्रसते. परिणामी शेत बाहेरच्या चिखलापेक्षा खोल राहते व बांध फुटल्यास खारे पाणी आत तुंबते. महाराष्ट्रात अशा जमिनींसाठी १९७९ मध्ये खारभूमी विकास अधिनियम करण्यात आला. समुद्राची पातळी वाढत असताना तिवरांना जमिनीकडे सरकण्यास वाव हवा असतो. बांध, रस्ते व भराव यांमुळे तो अनेक ठिकाणी उरलेला नाही.